काजळीखालचा दगड

अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅस्मस १९७२च्या सुमारास व्हेनिसला गेले, ते मूर्ती साफ करायला नव्हे. झिजत चाललेल्या संगमरवरी शिल्पांचे होलोग्राम घेऊन ठेवायचे, एवढंच ठरलं होतं. पण सोबत नेलेल्या रुबी लेझरचा झोत काळवंडलेल्या दगडावर टाकला आणि वरचा काळा थर उडाला. खालच्या पांढऱ्या दगडाला धक्काही लागला नाही.

हा थर म्हणजे नुसती धूळ नसते. कोळसा आणि तेल जळून निघणारा सल्फर डायऑक्साइड ओलाव्याच्या साथीने संगमरवराचंच जिप्सम करून टाकतो, त्यात काजळी अडकते. हनुवटीखाली, वस्त्रांच्या चुण्यांत, जिथे पाऊस पोचत नाही तिथे तो जाड होत जातो. काळा थर लेझरची ऊर्जा शोषून क्षणार्धात उडतो, पांढरा दगड तिच्यातली बरीचशी परतवतो. झोताची ताकद नीट ठरवली, तर थर संपताच काम आपोआप थांबतं.

या थांबण्याचं मोल कळायला लंडनला जावं लागतं. १९३७-३८ साली ब्रिटिश म्युझियममध्ये अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराची शिल्पं पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडम या खरखरीत घासणद्रव्याने घासली गेली. काही ठिकाणी मूळ पृष्ठभागच गेला. तो परत येणार नाही.

१९९०च्या दशकात फ्रान्समध्ये आमियाँच्या कॅथीड्रलच्या दर्शनी भागावर लेझर चालला आणि काजळीखाली जुन्या रंगाचे अवशेष सापडले. लेझरवरचा विश्वास वाढला, तशा तक्रारीही वाढल्या. इन्फ्रारेड लेझरने साफ केलेला दगड पिवळट दिसे. हा लेझरचा दोष की आधीपासूनचाच थर उघडा पडला, यावर बरीच वर्षं वाद झाला. पाण्याने विरघळणाऱ्या प्लास्टरच्या मूर्तींसाठी ही कोरडी पद्धत वरदान वाटली होती, पण पिवळेपणाची धास्ती तिथेही होती. हिंगूळ हा लाल रंग तर लेझरखाली चक्क काळा पडतो. रंगीत मूर्तीवर म्हणूनच आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी लागते.

पिवळेपणावरचा तोडगा ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या फोर्थ या संशोधन संस्थेत निघाला: १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड आणि ३५५ नॅनोमीटरचा अतिनील किरण एकाच वेळी सोडायचे, दोघांचं प्रमाण दगड पाहून ठरवायचं. पार्थेनॉनच्या पश्चिमेकडच्या शिल्पपट्टीनंतर अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममधल्या पाच कॅरियाटिडवर, म्हणजे खांबाच्या जागी उभ्या असलेल्या स्त्रीमूर्तींवर, तो वापरला गेला. एकेका मूर्तीभोवती आडोसा उभारून काम चाले आणि बाहेर प्रेक्षकांना ते पडद्यावर दिसे. सहावी मूर्ती लंडनमध्येच आहे.

हे काम २०१४ साली संपलं, त्याला तीनेक वर्षं लागली. काजळी गेली, नारिंगी-तपकिरी जुने थर मात्र मुद्दाम राखले. त्यामुळे या मूर्ती खडूसारख्या पांढऱ्याफटक दिसत नाहीत. कुणाला ती सफाई अर्धवट वाटेल, मला तीच पूर्ण वाटते.