प्रवासातील दस्तऐवजी छायाचित्रण प्रकल्प (फिल्मवरील)

एखाद्या प्रदेशातून प्रवास करीत तेथील लोकजीवन, श्रम, स्थित्यंतर अथवा संकट यांची एका निश्चित प्रश्नाला धरून केलेली छायाचित्रमालिका म्हणजे प्रवासातील दस्तऐवजी छायाचित्रण प्रकल्प होय. प्रस्तुत लेखात ‘फिल्म’ हा शब्द चित्रपट या अर्थी नसून कॅमेऱ्यात भरावयाच्या रोलसाठी योजला आहे. डिजिटल कॅमेऱ्याने टिपलेले चित्र तत्क्षणी पाहता येते. फिल्मवरील चित्र मात्र रोल धुऊन होईपर्यंत, म्हणजे बहुधा ते गाव मागे पडल्यानंतर, दृष्टीस पडते. या कारणाने अशा प्रकल्पात पूर्वतयारीला विशेष महत्त्व असते.

विषय आणि आराखडा

अमेरिकेतील महामंदीच्या काळात शेतकऱ्यांच्या साहाय्यार्थ स्थापन झालेल्या सरकारी खात्याचा (१९३५, १९३७ पासून ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’) छायाचित्र विभाग हा या क्षेत्रातील सर्वांत अभ्यासलेला प्रकल्प आहे. विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर हे स्वतः छायाचित्रकार नव्हते. ते अर्थशास्त्राचे अध्यापक होते. दौऱ्यावर निघणाऱ्यांना ते लेखी आराखडे देत. लोक संध्याकाळ कशी घालवतात, घरातील भिंतींवर काय लावतात, अशा साध्या बाबींकडे त्यांत लक्ष वेधलेले असे. कापसाच्या प्रदेशात निघालेल्या कार्ल मायडन्स यांना कापसाविषयी फारशी माहिती नाही असे कळताच स्ट्रायकर यांनी त्यांना थांबवून घेतले आणि दिवसभर कापसाचे अर्थकारण समजावून सांगितले.

विषय आणि प्रश्न यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. ‘पंढरीची वारी’ हा विषय आहे, आणि त्यावर सुंदर पण एकमेकांसारखी असंख्य छायाचित्रे यापूर्वीच निघालेली आहेत. ‘मुक्कामाच्या गावात एका रात्रीसाठी येणाऱ्या एवढ्या लोकांचे पाणी कोण पुरवते?’ हा प्रश्न आहे. प्रश्न ठरला की कोठे लवकर पोहोचावे आणि कोठे थांबून राहावे हे आपोआप ठरत जाते. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे मुक्काम पूर्वनिश्चित असल्याने दिवे घाटाची चढण, नीरास्नान, चांदोबाचा लिंब येथील उभे रिंगण यांचे दिवस आधीच मांडता येतात. मात्र प्रश्न पाण्याचा असेल, तर रिंगणाच्या दिवशी घोड्याकडे पाठ करून टँकरजवळ उभे राहण्याची तयारी हवी.

रोलचा हिशोब आणि जपणूक

३५ मिलिमीटरच्या रोलवर साधारणतः ३६, तर १२० प्रकारच्या रोलवर ६×६ सेंटिमीटर आकाराची १२ चित्रे मिळतात. दहा दिवसांच्या प्रवासात दररोज तीन याप्रमाणे ३५ मिलिमीटरचे ३० रोल घेतल्यास १,०८० चित्रे होतात. आकडा मोठा वाटतो, पण पहिल्याच दिवशी दहा रोल संपवणारे नवखे पुष्कळ असतात. आषाढातील ढगाळ उजेडासाठी आयएसओ ४०० ची फिल्म सोयीची पडते.

टंचाईतील नियोजनाचे टोकाचे उदाहरण स्टीव्ह मॅककरी यांचे होय. २००९ मध्ये कोडॅक कंपनीने कोडाक्रोम फिल्म बंद केली, तेव्हा कारखान्यातील अखेरचा रोल त्यांना देण्यात आला. त्यातील ३६ चित्रे त्यांनी न्यूयॉर्क, मुंबईतील चित्रपट कलावंत, राजस्थानातील रबारी समाज अशी वाटून घेतली.

निघण्यापूर्वी त्याच कॅमेऱ्याने एक रोल काढून धुऊन पाहावा. शटर बिघडलेले असणे किंवा कॅमेऱ्यात उजेड शिरणे हे दोष अन्यथा परतल्यावरच कळतात. शीतकपाटातील रोल खोलीच्या तापमानास आल्याखेरीज उघडू नये, त्यावर दव धरते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या सोबत असाव्यात. विमानप्रवासात फिल्म सामानाच्या डब्यात न देता हातातील पिशवीत ठेवावी आणि ती हाताने तपासण्याची विनंती करावी. नव्या सीटी स्कॅनरमधून एकदा गेलेली फिल्मही धुरकट होऊ शकते. वापरलेल्या रोलवर लगेच क्रमांक घालावा.

नोंदी आणि संमती

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक आहे. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग महिनाभराचा दौरा आटोपून घरी परतत होत्या. कॅलिफोर्नियातील निपोमो येथे वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीची पाटी त्यांनी मागे टाकली, सुमारे वीस मैल पुढे गेल्या आणि परत फिरल्या. तेथे टिपलेले ‘मायग्रंट मदर’ हे चित्र जगप्रसिद्ध झाले. आराखड्यात ही छावणी नव्हती. नोंदींच्या बाबतीत एरवी दक्ष असलेल्या लँग यांनी त्या दिवशी त्या स्त्रीचे नाव विचारले नाही. अन्नासाठी त्या कुटुंबाने मोटारीचे टायर विकले असे लँग यांनी पुढे लिहिले. कुटुंबाने ते नाकारले. फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव १९७८ मध्ये उजेडात आले. तोवर ४२ वर्षे त्यांचा चेहरा साऱ्या जगाला परिचित होता आणि त्यांना स्वतःला त्याचा एक पैसाही मिळाला नव्हता. तेव्हा रोलचा व चित्राचा क्रमांक, तिथी, स्थळ, व्यक्तीचे नाव आणि तिच्याच शब्दांतील एखादे वाक्य त्याच दिवशी वहीत उतरवावे. चित्र कोठे छापले जाईल हेही तिला सांगावे.

छायाचित्रकाराजवळ स्वतःची कागदपत्रेही हवीत. गुगेनहाइम शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकाभर मोटारीने फिरणाऱ्या रॉबर्ट फ्रँक यांना नोव्हेंबर १९५५ मध्ये आर्कान्सामधील मॅगी गावी परकी उच्चार आणि कॅमेरे पाहून पोलिसांनी कित्येक तास अडकवून ठेवले होते.

निवड

फ्रँक यांनी या प्रवासांत ७६७ रोल वापरले. सुमारे २७,००० चित्रांतून त्यांनी हजारभर प्रती काढल्या आणि ‘द अमेरिकन्स’ (पॅरिस, १९५८, न्यूयॉर्क, १९५९) या पुस्तकात ८३ ठेवल्या. निवड करताना कॉन्टॅक्ट शीटवर खुणा कराव्यात, निगेटिव्हला हात लावू नये. स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना भोक पाडीत असत. छायाचित्रकारांनी त्यावर नाराजी व्यक्त केली होती, आणि मधोमध काळे वर्तुळ असलेली ती चित्रे आजही वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पाहावयास मिळतात.