तीन वर्षं उन्हात

जुन्या मोटारींचे हेडलाइट पिवळट, धुरकट झालेले रस्त्यावर दिसतातच. आतला दिवा शाबूत असतो. हरलेला असतो तो काचेच्या जागी बसवलेल्या पॉलिकार्बोनेटवरचा पारदर्शक लेप. हे प्लॅस्टिक खडा लागला तरी फुटत नाही, पण ऊन त्याला सोसत नाही. त्याची सारी भिस्त जेमतेम दहा-पंधरा मायक्रॉन जाडीच्या कोटिंगवर.

यातली पुष्कळशी कोटिंग अतिनील किरणांनी पक्की करतात. अ‍ॅक्रिलेटचा द्रव फवारायचा, वर पाऱ्याच्या दिव्याचा झोत टाकायचा. द्रवातला फोटोइनिशिएटर प्रकाश शोषून फुटतो आणि काही सेकंदांत रेणूंची कडक जाळी विणली जाते. अडचण इथेच आहे. हा लेप उन्हात टिकायचा तर त्यात अतिनील किरण शोषणारं द्रव्य घालावं लागतं, आणि तेच द्रव्य कारखान्यातल्या दिव्याचा प्रकाशही अडवतं. जास्त झालं तर लेपाचा तळ कच्चा राहतो, कमी पडलं तर ऊन खालच्या प्लॅस्टिकपर्यंत पोहोचतं. यातून वाट काढली ती अ‍ॅसिलफॉस्फिन ऑक्साइड वर्गातल्या इनिशिएटरांनी. 400 नॅनोमीटरच्या आसपास, शोषक जिथे जवळजवळ थकतो, तिथला प्रकाश ते वापरतात. या साऱ्या रसायनात मला सर्वांत देखणी वाटते ती ही युक्ती.

ती पुरली का, हे फ्लोरिडा आणि अ‍ॅरिझोना ठरवतात. अमेरिकेच्या वाहन-दिव्यांच्या नियमात, एफएमव्हीएसएस 108 मध्ये, अशा प्लॅस्टिकचे नमुने या दोन्ही राज्यांत तीन वर्षं उघड्यावर ठेवण्याची अट आहे: 45 अंशांत कललेले, तोंड दक्षिणेला. मग आरपार प्रकाश किती जातो, धूसरपणा किती, रंग किती सरकला, हे मोजायचं. अ‍ॅरिझोनात कोरडा रखरखाट. फ्लोरिडात उन्हाच्या जोडीला ओल, आणि तिचा मोठा वाटा पावसाचा नव्हे, दवाचा. ते रात्रभर लेपावर बसून राहतं.

घाई असेल तर यंत्रं आहेत. क्यूयूव्ही नावाच्या पेटीत आठ तास यूव्हीए-340 ट्यूबचा प्रकाश, चार तास कृत्रिम दव, असं चक्र चालवता येतं. यूव्हीबी-313 ट्यूब लावली की निकाल आणखी लवकर हाती येतो. पण तिच्या प्रकाशात 295 नॅनोमीटरखालच्या लहरी असतात, ज्या वातावरण जमिनीपर्यंत येऊच देत नाही. उन्हात शाबूत राहिले असते असे बंध त्या तोडतात आणि चांगला लेप नापास होऊ शकतो. म्हणून यंत्राच्या तासांचं उन्हाच्या वर्षांत रूपांतर करणाऱ्या एकाच आकड्यावर विसंबू नये. त्याच लेपांचे जोडनमुने फ्लोरिडात ठेवावेत आणि दोन्हीकडे त्यांचा क्रम सारखा लागतो का, ते पाहावं.