मिशन, काडीमोड आणि संसार

मिशनऱ्यांनी आफ्रिकेतील लोकांचे विवाह बळकट केले, कुटुंबे सावरली, असे आपण अनेकदा वाचतो. यात खरे किती हे पाहायला एकदम आफ्रिकेत जाण्याची घाई नको. राधानगरीहून भोगावतीच्या काठाकाठाने खाली आलो, की कोल्हापुरातच या गोष्टीचा जुना दाखला सापडतो.

1852 साली रॉयल वाइल्डर नावाचा अमेरिकन मिशनरी सपत्नीक कोल्हापुरात आला. त्याने शाळा काढल्या, उपदेश केला. पुढे 1870 च्या सुमारास हे काम प्रेसबिटेरियन मंडळाकडे गेले. मुलींसाठी शाळा निघाली, कोडोलीसारख्या गावी ठाणे झाले, मिरजेत डॉक्टर वॉनलेस यांचे इस्पितळ 1894 मध्ये उभे राहिले. ख्रिस्ती झालेली माणसे बहुतेक महार आणि मांग समाजातली होती.

आता या माणसांच्या घरात लग्नाची रीत काय होती, ते आधी बघा. मुलीचे लग्न लहानपणी व्हायचे. पण नवरा नांदवीना किंवा फारच मारहाण करू लागला, तर पंचांसमोर काडीमोड व्हायची आणि बाई दुसऱ्याशी पाट लावायची. विधवेलाही पाटाची मोकळीक होती. पाटाला लग्नाचा मान नव्हता, वाजंत्री नव्हती. पण बाई उघड्यावर पडत नसे. पांढरपेशांनी या रीतीला नाके मुरडली खरी, पण त्यांच्याच घरातल्या केशवपन केलेल्या विधवेला एवढाही आधार नव्हता, हे विसरू नये!

मिशनने या घरात नवा नियम आणला. एका पुरुषाला एकच बायको, आणि तीही जन्मभराची. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने येथील ख्रिस्ती जोडप्यांना लग्नाचा दाखला देताना मुलगा 16 वर्षांहून आणि मुलगी 13 वर्षांहून मोठी असली पाहिजे, आणि दोघांपैकी कोणाचाही पहिला जोडीदार हयात नसला पाहिजे, अशी अट घातली. तेरा म्हणजे काही फार नव्हे. तरी शारदा कायद्याने सगळ्यांसाठी चौदाची मर्यादा घातली ती 1929 साली. आणि हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची बंदी मुंबई प्रांतात आली 1946 मध्ये, देशभर 1955 मध्ये. म्हणजे ख्रिस्ती घरातल्या बाईला सवतीपासूनचे संरक्षण कितीतरी आधी मिळाले. शिवाय लग्नाची नोंद वहीत झाली. ‘तू माझी बायकोच नव्हेस’ असे म्हणण्याची सोय नवऱ्याला उरली नाही.

हे झाले जमेकडचे. खर्चाची बाजू क्वचितच कोणी सांगतो. काडीमोडीचे दार बंद झाले! 1869 च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होते. बायकोला मात्र साधारणतः व्यभिचार आणि त्याच्या जोडीला क्रूरपणा किंवा दोन वर्षांचा त्याग, असे दोन्ही सिद्ध करावे लागे. ज्या बाईच्या आजीने पंचांपुढे काडी मोडून आपली सुटका करून घेतली असेल, तिने आता कोर्टाची पायरी कशी चढावी? हा कायदा बदलून नवराबायकोला सारखी कारणे मिळायला 2001 साल उजाडावे लागले. संसार ‘बळकट’ झाला म्हणताना, भिंत बळकट झाली की कुलूप, हे विचारायलाच हवे.

आणखी एक पेच होता. नवरा ख्रिस्ती झाला आणि बायको झाली नाही, तर? यासाठी 1866 साली सर हेन्री मेन यांनी एक कायदा करवून घेतला. जोडीदाराने धर्मांतरामुळे सहा महिने टाकले, तर ख्रिस्ती झालेल्याने कोर्टात जावे; कोर्टाने वर्षभर थांबावे, पुन्हा विचारावे, आणि तरीही नकार असेल तर विवाह मोडावा. वर्षभराची ती मुदत मला फार अर्थपूर्ण वाटते. माणसाचे मन वळायला वेळ लागतो, एवढे तरी कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आले होते.

पण मन वळायला वर्षही पुरत नाही. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई मुलाला घेऊन माहेरच्या माणसांकडे राहिल्या. वर सांगितलेल्या कायद्याची वाट टिळकांना मोकळी होती. त्या वाटेला ते गेले नाहीत. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरकडे नांदायला आल्या, त्या हिंदू राहूनच. सोवळे-ओवळे, पाणी, स्वयंपाक, सारे आपले वेगळे! ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको एका घरात. टिळकांनी सक्ती केली नाही. जातीभेदाचे ओझे लक्ष्मीबाईंच्या मनातून त्यांच्याच विचाराने उतरले, आणि 1900 साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. ही सारी हकीकत ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हसत-हसवत सांगितली आहे. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले. माझ्या मते तो संसार सावरला, तो नियमाने नव्हे. बायकोला ‘नाही’ म्हणण्याची आणि वाटेल तितका वेळ घेण्याची मुभा होती, म्हणून सावरला.

त्याच 1919 साली इकडे शाहू महाराजांनी आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा आणि घरात स्त्रीला क्रूरपणे वागवणाऱ्याला शिक्षा देणारा असे कायदे केले. राधानगरी हे नावच मुळी त्यांच्या कन्येचे, राधाबाई आक्कासाहेबांचे. महाराजांनी बाईचे दुःख कायद्यात आणले, ते धर्म बदलायला न लावता. एवढे नमूद करून पुढे जातो.

आता आफ्रिकेकडे वळू. तिथे पेच उलट होता. नाताळ प्रांतातल्या झुलू पुरुषाला दोन-तीन बायका असत आणि तो ख्रिस्ती व्हायला आला, की मिशनरी म्हणे, एक ठेव, बाकीच्या सोड. सोडलेल्या बाईने जायचे कुठे? तिच्या लग्नात सासरहून माहेरी गुरे दिलेली. ती परत मागितली तर माहेरही पाठ फिरवणार. आणि तिची मुले? नाताळचे बिशप कोलेन्सो यांनी 1855 मध्येच हा प्रश्न मांडला. रीतीप्रमाणे लग्न झालेल्या निरपराध बायकांना टाकायला लावणे हाच अन्याय आहे, असे त्यांचे म्हणणे. स्वतः मिशनरी असून त्यांनी ते उघड लिहिले, हे विशेष.

त्यांचे ऐकले गेले नाही. 1888 साली लंडनच्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी ठरवले, की अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा देऊ नये. बरोबर शंभर वर्षांनी, 1988 च्या लॅम्बेथ परिषदेत, हा निर्णय बदलला. आता असा पुरुष बायकामुलांसह मंडळीत येऊ शकतो. मात्र बायकांपैकी एकही हयात असेपर्यंत त्याने आणखी लग्न करायचे नाही, आणि आहेत त्या बायकांपैकी कोणालाही घराबाहेर काढण्याची सक्ती त्याच्यावर करायची नाही, कारण तसे केल्याने त्या बाईची समाजात दैना होते.