ढील दिली की माणूस खाली येतो

संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवलेल्या माणसाच्या हाताला एक सवय कायमची लागलेली असते. काही बिनसतंय असं वाटलं की ढील द्यायची. काईटसर्फिंगमध्ये उडी मारायला शिकताना हीच सवय सर्वांत जास्त नडते. पाण्यावर असताना बार, म्हणजे काईट हाताळायचा हातातला दांडा, पुढे सोडला की काईटचा जोर ओसरतो, आणि पहिल्या दिवसापासून आपल्याला तेच शिकवलेलं असतं. पण पाण्यापासून तीन मीटर वर लटकत असताना काईटचा जोर हाच आपला एकमेव आधार असतो. तिथे घाबरून बार सोडला, की आपण दगडासारखे खाली येतो. गुडघे आणि घोटे दुखावण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोरजी, आश्वे, मांद्रे या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, दुपारी खारे वारे सुरू झाले की काईट दिसू लागतात. तिथे नव्यानं उडी शिकणाऱ्यांशी बोलताना मला एक वाक्य वारंवार ऐकू येतं: ‘आधी उंच उडी जमू दे, मग ट्रान्झिशन, आणि लूप तर फार पुढची गोष्ट.’ हा क्रमच चुकीचा आहे.

काईटची जागा घड्याळाच्या आकड्यांनी सांगतात, डोक्यावर बारा. साध्या उडीत काईट या बाराच्या पलीकडे, म्हणजे डोक्यावरून मागच्या बाजूला पाठवायचा असतो आणि उतरण्याआधी पुन्हा पुढे आणायचा असतो. हे पुढे आणणंच नवख्याला जमत नाही, कारण हवेत वेळ कमी मिळतो. जंप ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे उडीतच दिशा बदलताना, ही अर्धी कसरत वाचते. आपण उजवीकडे जात असलो तर काईट एकवरून अकराकडे न्यायचा, उडायचं आणि डावीकडे तोंड करून उतरायचं. काईट ज्या बाजूला गेला, त्याच बाजूला आपल्यालाही जायचं असतं. शिवाय उडण्याआधी वेगही कमी लागतो. म्हणून मीटर-दीड मीटरची ट्रान्झिशन ही कित्येकांची पहिली धड उडी ठरते, आणि तशीच ती असावी.

उडी हातांच्या ताकदीवर मारतात, हा समजही चुकीचा आहे. ओढ कमरेच्या हार्नेसवर येते. बोर्डची कड पाण्यात रोवून दोऱ्या ताणून धरायच्या, काईट बारापाशी आला की पाय ताठ करत उसळायचं आणि मग बार अंगाशी घ्यायचा. कड आधीच सुटली तर दंडात कितीही बळ असलं तरी फक्त वाऱ्याच्या दिशेनं घसरत जाणं होतं.

आता लूपकडे, म्हणजे हवेत काईटला पूर्ण वर्तुळात फिरवण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. केपटाउनच्या स्पर्धांचे व्हिडिओ आपण पाहिलेले असतात. काईट खेळाडूच्याही खाली झेपावतो आणि त्याला आडवा फेकतो. तो मेगालूप. तिथे काईट वाऱ्याच्या खिडकीच्या, म्हणजे तो जिथे उडू शकतो त्या टापूच्या मधोमध, जिथे ओढ सर्वाधिक असते तिथून फिरतो, आणि तोही खेळाडू चढत असताना किंवा सर्वांत वर असताना. लँडिंग लूपमध्ये माणूस उतरत असतो आणि काईट खिडकीच्या कडेला, वरच्या भागात, लहानसं वर्तुळ घेतो. लूप हे नाव दोन्हींत आहे, काम मात्र वेगळं.

हे काम काय ते नीट समजून घेण्यासारखं आहे. उतरताना आपण झोका घेत काईटच्या बरोबर खाली येतो. काईट डोक्यावर थांबलेला असतो, दोऱ्या सैल पडायला लागतात, पुढे ओढणारं काही उरत नाही. मग बोर्डची शेपटी पाण्यात बुडते आणि आपण बसकण मारतो. अशा वेळी नव्या दिशेचा हात ओढून काईट फिरवला, म्हणजे डावीकडे उतरताना डावा हात, की तो स्वतःच्या वेगानं स्वतःसाठी जादा वारा तयार करतो. दोऱ्या पुन्हा ताणल्या जातात, उतरण्याचा वेग कमी होतो आणि पाण्याला टेकताना पुढे जायला ओढ मिळते. थांबलेल्या काईटखाली आपटण्यापेक्षा फिरत्या काईटखाली उतरणं मऊ असतं. मला स्वतःला हे पटायला फार वेळ लागला. काईट खाली वळवल्यावर आपण हळू उतरू, हे मनाला विसंगत वाटतं.

वेळ मात्र साधावी लागते. उडीचा माथा ओलांडून खाली येतोय असं जाणवलं की हात ओढायचा. आधी ओढला तर उंचीवरच आडवा हिसका बसतो. उशीर केला तर आपण पाण्यावर आदळून झाल्यावर ओढ येते. बार पूर्ण छातीशी धरूनही चालत नाही, काईट गुदमरल्यासारखा मागे घसरतो. एक हात ओढताना दुसरा पुढे ढकलायचा. आणि उतरताना बोर्डचं नाक वाऱ्याच्या दिशेला, काईटकडे ठेवायचं. कड रोवून उतरायचं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. तसं केलं की बोर्ड एकीकडे अडतो, काईट दुसरीकडे ओढतो आणि आपण तोंडावर पडतो. कड नंतर, सावकाश.

‘मंद वाऱ्यात लूप सुरक्षित’ हे अर्धंच खरं आहे. मोरजीच्या दुपारच्या बेताच्या वाऱ्यात बहुतेकांकडे १२ चौरस मीटर किंवा त्याहून मोठा काईट असतो. तो संथ वळतो, त्याचं वर्तुळ मोठं होतं, म्हणून उडी फारच बुटकी असेल तर तो वर यायच्या आत आपण पाण्यात असतो. तिथे हात थोडा लवकर ओढावा लागतो. उलट जोराच्या वाऱ्याचा हिशेब कडक आहे. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढते, त्यामुळे १४ नॉटचे २० नॉट झाले की तोच काईट दुप्पट जोरानं ओढतो. पहिले लूप अशा दिवशी करू नयेत.

काईट पाण्यात पडला तर संपलं, ही भीतीही सोडावी. ब्रूनो आणि दोमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी हवा भरलेल्या नळ्यांच्या काईटचं पेटंट १९८४ मध्ये घेतलं, ते पाण्यावर तरंगणारा आणि तिथूनच पुन्हा उठणारा काईट हवा होता म्हणून. खरा धोका उथळ पाण्याचा आहे. गुडघाभर पाण्यात पडल्यावर उभं राहता येतं, म्हणून नवशिक्यांना ते बरं वाटतं. पण उडीतून उतरताना तेच पाणी म्हणजे वाळूची फरशी असते. निदान छातीभर पाणी हवं, आणि वारा जिकडे जातो त्या बाजूला ५० मीटर तरी मोकळी जागा. दोऱ्याच २० ते २४ मीटरच्या असतात.

सराव पाण्यावरूनच सुरू होतो. न उडता, साधं वळण घेताना काईट खालून फिरवायचा, म्हणजे डाउनलूप. तो न बघता जमू लागला की ट्रान्झिशनला जोडायचा. एका बाजूनं बसला म्हणजे दुसऱ्या बाजूनं आपोआप येईल असंही समजू नये. माझी उजवीकडून डावीकडची ट्रान्झिशन एका हंगामात बसली. डावीकडून उजवीकडे यायला पुढच्या हंगामात मला पुन्हा पाण्यावरच्या डाउनलूपपासून सुरुवात करावी लागली, आणि पहिले काही दिवस हात चुकीचाच ओढला जायचा.