आधी वारा, मग समुद्र

बाबांच्या निवृत्तीची सारी पुंजी घालून आम्ही मुंबईत उंच इमारतीत सदनिका शोधत होतो. समुद्र दिसतो म्हणून घरचे एका पश्चिमाभिमुख सदनिकेवर भाळले. मी दुपारी चारला पुन्हा जाऊन आलो. भिंती तापलेल्या, वारा नाही. कारण समोरासमोर खिडक्याच नव्हत्या. आत शिरलेल्या वाऱ्याला बाहेरची वाट हवीच. मुंबईत समुद्रवारा पश्चिमेचा, पण उतरते ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच! चार्ल्स कोरिया यांनी १९८३ साली पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’त यावर दुमजली उंचीचे खोल बागव्हरांडे योजले. आम्ही शेवटी पूर्व-पश्चिम आरपार, पश्चिमेस खोल गॅलरी असलेले घर घेतले. समुद्र दिसत नाही. आजीला दुपारी झोप मात्र लागते.