क्रोशाचं छोटं फूल: किचेन विणताना मुलं काय काय शिकतात



मुलांच्या दप्तराच्या चेनला लोंबकळणारं क्रोशाचं फूल हल्ली तुम्ही पाहिलंच असेल. मधे पिवळा ठिपका, भोवती पाच पाकळ्या आणि वर किल्ली अडकवायची रिंग. कार्यानुभवाच्या तासाला हे फूल मुलांकडून करून घेता येतं. पाचवीपासून पुढच्या मुलांना जमतं, घरी आईबाबांबरोबर बसून केलं तर त्याआधीही. कसं करायचं ते आज सांगते, आणि माझं कुठे चुकलं तेही.

क्रोशा आपल्याला नवा नाही. आजीच्या घरातलं दारावरचं तोरण आठवून बघा. भरलेले आणि रिकामे चौकोन मोजून त्यात 'सुस्वागतम्' विणलेलं असायचं. आलेख कागदावर आपण मुलांना चौकोन रंगवायला सांगतो, तेच काम आजी दोऱ्याने करत होती. 'क्रोशे' हा मूळ फ्रेंच शब्द, अर्थ छोटा आकडा. या आकड्यावर बहुतेक वेळा एकच टाका उघडा असतो, आणि मुलांसाठी हीच मोठी सोय आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे टाके सुईवर रांगेने उभे असतात, एक निसटला की खालपर्यंत शिडी उतरते आणि मूल रडकुंडीला येतं. क्रोशात टाका निसटला तर आकडा पुन्हा त्यात घालायचा. चुकलं तर दोरा ओढायचा, चुकलेल्या जागेपर्यंत उसवायचं आणि तिथून पुढे चालायचं. दोरा वाया जात नाही. खोडरबराने खोडलं तरी कागदावर डाग राहतो, इथे तोही राहत नाही.

साहित्य थोडंच लागतं. शिकताना जाड लोकर आणि ४ मिलिमीटरचा आकडा घ्या. रंग फिकट असू द्या, काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके मोठ्यांनाही दिसत नाहीत. हात बसला की मग सुती दोरा आणि २.५ ते ३ मिलिमीटरचा आकडा. याशिवाय मोठ्या नाकाची बोथट सुई, कात्री आणि किचेनची रिंग. आजीच्या डब्यातला बारीक स्टीलचा आकडा पहिल्या दिवशी मुलांच्या हाती देऊ नका. तो अगदी बारीक दोऱ्यासाठी असतो, जाड लोकर त्यात अडकत नाही.

आता टाके. साखळी म्हणजे आकड्यावरच्या टाक्यातून दोरा ओढून पुढचा टाका काढणं. पहिला पूर्ण तास यातच जाईल, जाऊ द्या. हातभर साखळी झाली की मुलं ती मनगटाला बांधून मिरवतात, ते त्यांचं पहिलं बक्षीस. मुका खांब म्हणजे आकडा टाक्यात घाला, दोरा ओढून घ्या, आकड्यावर दोन फास दिसतील, पुन्हा दोरा घेऊन दोन्हींतून एकदम काढा. खांब उंच असतो. आधी आकड्यावर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग टाक्यात घालून दोरा ओढा, आता तीन फास. दोरा घ्या, दोनांतून काढा. परत दोरा घ्या, उरलेल्या दोनांतून काढा. स्लिप स्टिच सगळ्यात बुटकी: टाक्यात आकडा घालून ओढलेला दोरा तसाच आकड्यावरच्या फासातूनही बाहेर काढायचा.

इथे एक सावधगिरी. व्हिडिओ बघून शिकणार असाल तर सांगणारी व्यक्ती अमेरिकन नावं वापरते की ब्रिटिश, ते आधी पाहा. आपल्या मुक्या खांबाला अमेरिकन पद्धतीत सिंगल क्रोशे म्हणतात आणि ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे. आपला खांब अमेरिकेत डबल आणि ब्रिटनमध्ये ट्रेबल. एक व्हिडिओ इकडचा आणि एक तिकडचा बघितला, तर फुलाऐवजी भलतंच काहीतरी तयार होतं. मी केलेलं आहे.

फुलाला सुरुवात पिवळ्या दोऱ्याने. ४ साखळ्या घाला आणि पहिल्या साखळीत स्लिप स्टिच करून कडं बंद करा. एक साखळी वर चढा आणि कड्याच्या भोकात १० मुके खांब घाला. पहिल्या मुक्या खांबात स्लिप स्टिच करून गोल जोडा, दोरा कापून शेवटच्या फासातून ओढून घ्या. प्रत्येक टोक वीतभर तरी ठेवाच, आखूड टोक नंतर सुईत ओवता येत नाही. मग गुलाबी दोरा कोणत्याही टाक्यात स्लिप स्टिचने जोडा. २ साखळ्या, त्याच टाक्यात २ खांब. शेजारच्या टाक्यात २ खांब, २ साखळ्या आणि त्याच टाक्यात स्लिप स्टिच. झाली एक पाकळी. पुढच्या टाक्यात स्लिप स्टिच करून परत तेच. एका पाकळीला दोन टाके, म्हणून दहा टाक्यांच्या पाच पाकळ्या.

मूल मोजताना चुकलं आणि मधे ९ च टाके आले तर? चार पाकळ्या होतात आणि पाचवी अर्ध्यावर थांबते. ११ आले तर एक टाका उरतो आणि फुलाला फट पडते. उत्तर बरोबर की चूक हे वहीत आपल्याला लाल पेनने सांगावं लागतं, इथे फूलच सांगतं. चूक पाकळीत दिसते, पण ती पाकळीत झालेली नसते, मधल्या पिवळ्या गोलात झालेली असते. ती शोधत मागे जाणं मुलांनाच करू द्या. भागाकारात बाकी का उरते, हे माझ्या वर्गातल्या काहींना फळ्यापेक्षा या अकराव्या टाक्याने जास्त पटलं.

मी चुकले ते इथेच. एकदा शाळेतल्या प्रदर्शनाच्या आदल्या रात्री मुलांची फुलं घरी आणली. काही वेडीवाकडी होती, पालक येणार, पाहुणे येणार. मी बसले आणि चार-पाच फुलं नीट करून टाकली. सातवीतल्या एका मुलाचं तर पूर्ण उसवून नवं केलं. सकाळी टेबलाजवळ तो बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "बाई, माझं कुठंय?" मी त्याच्या नावाच्या चिठ्ठीकडे बोट दाखवलं. "हे माझं नाही. माझ्याला साडेचार पाकळ्या होत्या."

मला काय बोलावं ते सुचेना. त्याने आठ दिवस खपून केलेलं ते फूल माझ्या हाताने गेलं होतं आणि ते परत आणता येत नव्हतं. त्याची माफी मागितली, वर्गासमोर. पुढच्या तासाला त्याने नवीन दोरा मागून घेतला, पण त्या वर्षी त्याने मला फूल दाखवायला आणलं नाही. तेव्हापासून मुलांच्या कामाला मी आकडा लावत नाही. पालकांनाही हेच सांगते: तुमचं फूल तुम्ही वेगळं विणा, शेजारी बसून विणा, पण त्याच्या हातातलं घेऊ नका. दाखवायचं तर तुमच्या दोऱ्यावर दाखवा.

डावखुऱ्या मुलांना शेजारी बसवून शिकवलं की सगळं उलटं वाटतं. त्यांना समोर बसवा. आपला उजवा हात आणि त्यांचा डावा हात आरशासारखे जुळतात. आकडा पेन्सिलीसारखा धरायचा की सुरीसारखा, यावर भांडू नका, दोन्ही चालतं. मुलगे सुरुवातीला नाकं मुरडतात. वर्गातल्या एकाचं फूल त्याच्या सायकलच्या किल्लीला लागलं की बाकीचे आपोआप येतात.

किचेन करताना एक फूल पुरत नाही, ते लगेच मऊ पडून वळतं. तशीच दोन फुलं करा. एका १२ साखळ्यांच्या दोरीत रिंग ओवा, दोरीची दोन्ही टोकं दोन फुलांच्या मधे ठेवा आणि फुलं पाठीला पाठ लावून गुलाबी दोऱ्याने कडेकडेने शिवा. दोरीच्या जागी दोनदा शिवा, सगळा ताण तिथेच येतो. उरलेली टोकं सुईने एका दिशेला आणि मग उलट दिशेला ओवून मगच कापा. नुसती गाठ मारून कापलेलं टोक खिशात चार दिवसांत सुटतं.

गणित शिकवणाऱ्यांसाठी थोडं पुढचं. मुक्या खांबांची सपाट चकती विणायची असेल तर ६ टाक्यांनी सुरुवात करून दर फेरीत ६ टाके वाढवतात: ६, १२, १८, २४. सहाच का? मुका खांब जवळपास जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. म्हणजे प्रत्येक फेरीत त्रिज्या साधारण एका टाक्याने वाढते, आणि परीघ २π टाक्यांनी, म्हणजे सहाहून थोडा जास्त. मुलांना मुद्दाम वाढवायला विसरू द्या, चकतीची वाटी होईल. दर फेरीत दुप्पट करू द्या, ६, १२, २४, ४८, तर कडेला झालर येईल. ही झालर गमतीची गोष्ट नाही. कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी १९९७ साली टाके सतत एकाच प्रमाणात वाढवत हायपरबोलिक प्रतल क्रोशाने विणलं, आणि विद्यार्थ्यांना ते हातात धरून बघता यायला लागलं. त्याआधी त्याचे कागदी नमुने होते, ते हाताळून फाटायचे.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण द्यायचा विचार मांडला, तेव्हा टकळी आणि सूत समोर होतं. नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, त्यातला एखादा दिवस या आकड्याला द्यायला हरकत नाही.

फुलं झाली की मुलं विचारतातच, "बाई, विकायची का?" विका. पण किंमत त्यांनाच काढायला लावा. दोरा किती गेला ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा, रिंगचे पैसे धरा, आणि मग विचारा की तुमच्या दोन तासांचे किती. आमच्या वर्गात पहिल्यांदा सगळ्यांनी तासांचे शून्य रुपये धरले होते. एका मुलीने विचारलं, "आणि आमच्या आजीने तोरण विणलं, त्याचे किती धरायचे?" त्या दिवशी त्यावर पुढचा अख्खा तास गेला आणि नागरिकशास्त्राचा धडा राहिला.