गाठ लपवू नका, मैत्रिणींनो!

दुपारची आवराआवर करून जरा टेकले होते, तेवढ्यात मागच्या आळीतली सून दारात उभी. वय 29, लेकरू अडीच वर्षांचं. "काकू, छातीत गाठ आलीय. दीड महिना झाला. घरी कुणाला बोलले नाही," म्हणाली आणि रडायलाच लागली. गाठ दुखत होती, वरची कातडी लाल झाली होती. मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, हळदीचा लेपही लावला. फरक शून्य!

दुसऱ्या दिवशी तिला जिल्ह्याच्या गावी सर्जनकडे नेलं. त्यांनी हाताने तपासलं, सोनोग्राफी केली आणि जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून बायोप्सीला पाठवला. रिपोर्ट आला, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस. म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींना आलेली सूज. कॅन्सर नव्हे!

हा आजार तसा कमी आढळतो. बहुतेकदा बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत होतो आणि दिसायला थेट कॅन्सरसारखा. स्तनाचा टीबीही असाच दिसतो. म्हणून डॉक्टरांनी टीबीची तपासणीसुद्धा करून घेतली. कारण या सुजेवर पुष्कळदा स्टेरॉइड देतात, आणि टीबी असताना नुसतं स्टेरॉइड दिलं तर तो बळावतो. उलट टीबी नसताना त्याची औषधं महिनोन् महिने खाण्यात काय अर्थ?

काहींची सूज देखरेखीखाली आपोआप ओसरते. पू झाला तर सुईने काढतात. बरं व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. पुन्हा उलटूही शकते. स्टेरॉइड मात्र मनाने सुरू किंवा बंद करायचं नाही.

तरुण मुलींमधल्या बहुतेक गाठी साध्या असतात. पण गाठ भराभर वाढत असेल तर फायलॉइड्स नावाची वेगळी गाठ असू शकते. तीही बहुधा कॅन्सरची नसते, पण काढावी लागते. हे सगळं नुसतं हात लावून कळत नाही, तपासणीच हवी.

आमच्या सुनेला बरं व्हायला आठ महिने लागले. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, मला का नाही सांगितलंस? मी काय परकी होते?"

मैत्रिणींनो, गाठीपेक्षा लाज जास्त घात करते. हाताला काही लागलं, तर आधी घरात बोला आणि लगेच डॉक्टरांना दाखवा.